क्वामेनाची साफसफाई

माझ्या नवऱ्याचा भाचा क्वामेना अक्राहून आला, तो एका हातात पांढरी प्लॅस्टिकची बाटली आणि दुसऱ्या हातात रुमाल घेऊन. रुमाल डोळ्यांना लावून तो दारातच दोनदा ओरडला, "वोफा गेला! माझा वोफा गेला!" आणि मग रुमालाच्या आडून मान वाकडी करून त्यानं आतल्या खोलीत बघितलं, तो जागेवर आहे ना. तो म्हणजे वोफा, त्याचा मामा, नव्हे. मामाला पुरून झालं होतं, आणि त्या दिवशी या भाच्याला दुकान बंद ठेवणं जमलं नव्हतं. तो म्हणजे मामाचा अँप्लिफायर.

"सगळं व्यवस्थित आहे ना, माझी बायको?" त्यानं मला विचारलं.

आम्हा फांटी लोकांत भाचा मामाच्या बायकोला थट्टेनं बायको म्हणतो. मामाचं जे जे ते उद्या भाच्याचं, त्यात तीही आली, असा तो जुना विनोद. चांगल्या भाच्याच्या तोंडून तो ऐकताना हसू येतं. याच्या तोंडून ऐकताना मी अंगावरचं काळं कापड जरा घट्ट ओढून घेतलं.

"मी व्यवस्थित आहे," मी म्हटलं. "तू अँप्लिफायरची चौकशी करत असशील तर तोही आहे."

माझा नवरा फीफी सेकोंडीच्या जुन्या हायलाइफ बँडचा गिटारवाला; हायलाइफ म्हणजे आमच्याकडचं नाचाचं संगीत. अँप्लिफायर त्यानं तरुणपणी बंदरात लागलेल्या एका जहाजाच्या बँडकडून घेतला होता. जड लाकडी खोकं, पुढे पट्टीवर सोनेरी अक्षरं, आणि पाठीमागे जुन्या रेडिओत असतात तसल्या काचेच्या व्हॉल्व्हची रांग. चालू केला की ते व्हॉल्व्ह आधी हळूहळू तांबूस होतात आणि मग आवाज येतो. तेवढ्या वेळात फीफी सिगारेट पेटवायचा आणि मला म्हणायचा, "बघ आराबा, जागा होतोय." मी सकाळी जागी होताना त्यानं माझ्याकडे असं कधी बघितल्याचं मला आठवत नाही.

गेली कित्येक वर्षं तो अँप्लिफायर खरखरत होता. सेकोंडीची हवा खारट. तिनं आमच्या पत्र्यांचं जे केलं तेच त्याच्या आतल्या पत्र्यांचंही केलं. आवाजाचं बटण फिरवलं की कढत तेलात ओला मासा सोडल्यासारखा आवाज यायचा. साफ करून घे म्हटलं की फीफी म्हणायचा, "तो समुद्र बोलतोय त्यात. असू दे." समुद्र कसला, त्याचा आळस बोलत होता. पण पाठ कुणाला उघडू द्यायचा नाही. आत वीज साठून राहते म्हणायचा, आणि ते मात्र खरं होतं.

शेवटच्या आजारात त्याचा डावा हात लुळा पडला, तेव्हापासून बँडमध्ये त्याच्या जागी आमची मानसा वाजवते. आमची तिसरी मुलगी. मोठ्या दोघी लग्न करून गेल्या, ही गिटार घेऊन बसली. बँडमधले म्हातारे सांगतात, तिची बोटं बघून तिला घेतलं. मला त्यांची बोटंही माहीत आहेत आणि डोकीही. बँडकडे गिटारसाठी दुसरा अँप्लिफायरच नव्हता. तो ज्या घरी, गिटारवाला त्या घरचा. आता टाकोराडीचा एक पोरगा त्यांच्या मागेपुढे करत होता, त्याच्याकडे स्वतःचा नवाकोरा होता. फीफीचा अँप्लिफायर अक्राला गेला की मानसा दुसऱ्या दिवशी माझ्याशेजारी बसून केळीच्या पानात केंकेचे, म्हणजे आंबवलेल्या मक्याच्या पिठाचे, गोळे बांधायला लागणार, इतकं ते सरळ होतं. केंके विकण्यात कमीपणा नाही, मी जन्मभर तेच केलंय. पण ती त्यासाठी जन्मली नव्हती आणि ते मला तिच्या बापाआधी कळलं होतं.

आणि तिचा त्याच्यावर हक्क नव्हता. आमच्याकडे मुलं आईच्या कुळाची आणि बापाची वस्तू बापाच्या कुळाची, म्हणजे बहिणीच्या मुलाची. सरकारी कायदा वेगळं सांगतो, मी रेडिओवर ऐकलंय. पण रेडिओवरची बाई आमच्या अंगणात येऊन नाना ओतूशी भांडणार नव्हती. नाना ओतू हा फीफीच्या कुळाचा प्रमुख. फीफीनं जिवंतपणी नानासमोर एक शब्द बोलून ठेवला असता, की हे मानसाला, तर काम झालं असतं. मी किती वेळा सांगितलं. "बोलू की," म्हणायचा आणि तारा जुळवायला घ्यायचा.

जेवायला बसल्यावर क्वामेनानं बेत सांगितला. अक्रात तो मोबाईलची कव्हरं विकतो, पण बोलतो असा की जहाजं विकत असावा.

"जर्मनीत एक माणूस आहे. जुने व्हॉल्व्हवाले अँप्लिफायर जमवतो. आंटी, वोफाच्या आजारात मी काढलेले फोटो बघून वेडा झालाय! फक्त म्हणतो, व्हॉल्व्हवरची अक्षरं धुळीत दिसत नाहीत. साफ करून स्पष्ट फोटो पाठव."

"मग?"

"मग काय, साफ करायचा. अख्खा. नव्यासारखा." त्यानं ती पांढरी बाटली ताटाशेजारी ठेवली. "शुद्ध अल्कोहोल. असलं सामान याच्यानंच साफ करतात. मी सगळं शिकून आलोय."

"कुणाकडे शिकलास?"

"फोनवर."

नाना ओतू तिथे होताच. जेवणाच्या वेळी त्याचे पाय आपोआप आमच्या घराकडे वळतात. त्यानं बाटलीचं झाकण फिरवून वास घेतला आणि डोळे मिटले.

"हे पितात?"

"नाही नाना, विष आहे."

"मग त्याला अल्कोहोल का म्हणतात?"

"अल्कोहोलच आहे ते. पण साफ करायचं."

"आमचंही साफ करायचंच आहे," नाना म्हणाला. "आतून." आणि नाराजीनं झाकण लावलं.

मानसानं आपलं ताट बाजूला सारलं. ती म्हणाली, "आधी वाजवून तर बघ. लावू?"

"खबरदार!" क्वामेना घास टाकून उठला. "चालू करायचा नाही असं सांगितलंय त्यानं. काही उडालं तर किंमत गेली."

अँप्लिफायर वारशानं मिळालेला माणूस, आणि त्याला तो ऐकायचा नव्हता. फीफीचे नातेवाईक मी पुष्कळ बघितलेत, पण इतका कोरडा दगड पहिल्यांदाच बघितला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं अंगणात चटई पसरली, हातांत रबरी हातमोजे चढवले, आणि पाठीचे स्क्रू काढून आत हात घालणार, तेवढ्यात मानसा म्हणाली, "थांब. आतली वीज आधी काढू दे."

"वायर काढलीय ना? मग वीज काय आत मुक्कामाला राहते?"

मानसा उठली. बापानं करून ठेवलेली चिमट्याची तार आणून तिनं आत दोन ठिकाणी टेकवली. चट्ट आवाज झाला. क्वामेना असा मागे सरकला की माझ्या मक्याच्या पिठाच्या टोपात बसता बसता राहिला. मी त्याला तसाच हात घालू दिला असता तर वारशाचा प्रश्न तिथेच मिटला असता. पण मला अँप्लिफायर हवा होता, त्याचा जीव नको होता. कोळशाची शेगडीसुद्धा मी उचलून अंगणाच्या दुसऱ्या टोकाला नेली, कारण त्याच्या बाटलीवर ज्वाळेचं चित्र होतं आणि ते त्यानं बघितलेलं दिसत नव्हतं.

सुरुवातीचं काम त्यानं बरं केलं, हे मान्य करते. मानसानं व्हॉल्व्ह एकेक करून उपसले आणि अंड्यांच्या ट्रेमध्ये ओळीनं मांडले, कुठला कुठे बसतो ते विसरायला नको म्हणून. क्वामेनानं काडीला कापूस गुंडाळला, अल्कोहोलमध्ये बुडवला आणि व्हॉल्व्ह बसतात त्या सॉकेटांची भोकं पुसली. कापूस काळा होऊन बाहेर यायचा, कधी हिरवा. आवाजाच्या बटणात त्यानं थेंब सोडले आणि ते इकडून तिकडे इतक्या वेळा फिरवलं की मला चक्कर यायला लागली. मध्येमध्ये थांबून स्वतःचे फोटो काढत होता. आतली कित्येक वर्षांची खारट घाण त्या कापसावर निघत होती आणि मी केंके बांधत बघत होते.

मग तो पुढच्या पट्टीकडे वळला. फडका चिंब भिजवून त्यानं खसाखसा घासलं आणि फडका माझ्यापुढे धरला.

"बघ बायको, केवढी घाण!"

फडक्यावर पिवळं दिसत होतं. पट्टीवरच्या सोनेरी नावातली पहिली तीन अक्षरं त्या फडक्यात आली होती.

"बाई गं, पिवळी घाण," मी म्हटलं.

मानसानं तोंड उघडलं. मी तिच्या पायावर पाय दिला.

कारण त्या पिवळ्या फडक्याकडे बघताना मला एक जहाजी आठवला. फीफीकडे व्हॉल्व्ह विकत मागायला आला होता. त्यानं ओल्या अंगठ्यानं एका काचेवरची धूळ पुसली आणि धुळीबरोबर अर्धा नंबरही पुसला गेला. फीफी त्याला मारायला उठला, तर तो बिचारा म्हणाला, "माझंच नुकसान झालं, बाबा. नंबर नसलेला व्हॉल्व्ह कुणी हुंगत नाही. आत काय आहे याची खात्री कोण देणार?" त्या जुन्या काचांवरची अक्षरं नुसती वरवर छापलेली असतात. पाण्यानंसुद्धा जातात. अल्कोहोलपुढे तर नावालाही उरत नाहीत.

आणि जर्मनीच्या त्या माणसाला हवी होती ती अक्षरं.

तेवढ्यात क्वामेनाची बाटली संपली. तो ती अत्तरासारखी ओतत होता, संपणारच. व्हॉल्व्ह अजून ट्रेमध्ये तसेच धुळकट होते. त्यानं डोकं खाजवलं, मग एकदम चेहरा उजळला.

"अल्कोहोल ते अल्कोहोल! कोपऱ्यावर अक्पेतेशी मिळते ना?"

अक्पेतेशी म्हणजे आमची गावठी. तो गेला आणि भरलेली बाटली घेऊन आला. इथे मात्र मी हातातलं केंके खाली ठेवलं. गावठीत पाणी असतं, उसाचा चिकटपणा असतो. ती त्या सॉकेटांत गेली असती तर सकाळपासूनची सगळी मेहनत मातीत. अक्षरं जायला हवी होती, अँप्लिफायर राहायला हवा होता, आणि या दीडशहाण्याच्या हातात दोन्हीही होतं.

"आतमध्ये नको हं घालूस," मी गोडीत म्हटलं. "आत तू इतकं सुंदर केलंयस. ही काचेला लाव. काच चमकली की फोटो कसा उठून येतो."

"हुशार आहे माझी बायको!" क्वामेना म्हणाला आणि पहिला व्हॉल्व्ह हातात घेतला.

ओट्यावर बसलेला नाना ओतू कळवळून उठला. "भरलेली बाटली? काचेला?"

"नाना, विज्ञान आहे हे."

"विज्ञानाला एक घोट कमी पडला तर चालणार नाही का?"

मी आत गेले तशी मानसा माझ्या मागोमाग आली. तिचे डोळे भरले होते. "आई, तो अक्षरं पुसतोय! बाबांनी इतकी वर्षं जपली. अडव त्याला!"

"पुसू दे."

"अगं पण..."

"अक्षरं वाजतात का?"

तिनं डोळे पुसले. मग हळूच म्हणाली, "नाही."

"मग तोंड धू आणि त्याला स्वच्छ फडका नेऊन दे."

तिच्यानं ते झालं नाही, म्हणून मीच नेऊन दिला. दुपारभर मी त्याच्या शेजारी बसले. "हा कोपरा राहिला बघ. इथे काहीतरी पांढरं आहे अजून." तो जीव ओतून घासत होता. फुकट. माझ्या घरात, माझ्या फडक्यानं. संध्याकाळपर्यंत सगळे व्हॉल्व्ह नागडे होऊन लखलखत होते आणि पुढच्या पट्टीवर नावाचा मागमूस नव्हता. त्यानं फोटो काढले, पाठवले, आणि मामाच्या आरामखुर्चीत पाय पसरून बसला. फोन वाजला तसा उठून बसला. मग पुन्हा वाजला. मग त्यानं फोन उलटा ठेवला.

"काय म्हणतो?" मी विचारलं.

"विचारतो, अक्षरं कुठायत." त्याचा आवाज बारीक झाला होता. "मी सांगितलं, साफ केली. तर म्हणतो, मग हे काय आहे ते मला कसं कळणार, कुठल्याही भंगारातून आणले असशील. मग त्यानं एक चित्र पाठवलं. कपाळाला हात लावलेला माणूस."

"आणि मग?"

"मग काहीच नाही."

रविवारी चर्च सुटल्यावर नाना ओतू फीफीच्या वस्तूंची वाटणी करायला बसला. आमच्या अंगणात त्या कुळातली चार माणसं खुर्च्यांवर, मी आणि मानसा बाकावर. क्वामेनानं तोवर अक्रातल्या सगळ्या ओळखीच्यांना फोटो पाठवून बघितले होते आणि सगळ्यांनी त्याला तोच प्रश्न विचारला होता. चेहरा असा झाला होता, की आंबलेलं पीठही बरं दिसावं. पण चूक आपली म्हणेल तर तो क्वामेना कसला.

"भंगार आहे, नाना," तो म्हणाला. "वोफाला फसवलं कुणीतरी. नावसुद्धा नाही त्याच्यावर! अक्रापर्यंत न्यायचं भाडं फुकट जाईल."

"मग तू घेत नाहीस?" नानानं विचारलं.

मी जांभई दिली. "मला दे मग. त्याच्यावर केंकेचं टोपलं ठेवीन. उंची बरी आहे."

चौघंही हसले. क्वामेनाही हसला, सकाळपासून पहिल्यांदाच त्याला आपण मोठे आहोत असं वाटलं असावं. हात पसरून म्हणाला, "घे गं बायको. नवऱ्याची भेट समज!"

"अशी भेट तोंडी नको," मी म्हटलं आणि उठले. "मी आसेदा देते."

आसेदा म्हणजे आभाराची दारू. ज्याला वस्तू मिळाली त्यानं ती द्यायची, ज्यानं वस्तू दिली त्यानं ती साक्षीदारांसमोर प्यायची. प्यायली की दिलं ते दिलं, मग देवही परत मागू शकत नाही. कोंबडीच्या पिलासाठी कुणी आसेदा देत नाही. जमिनीसाठी देतात, मुलीच्या लग्नात देतात. मी आतून हिरव्या बाटलीतली चांगली विलायती श्नॅप्स आणली, तेव्हा क्वामेना खुर्चीतून पडायचा बाकी राहिला.

"टोपलं ठेवायच्या खोक्यासाठी श्नॅप्स! नाना, बघा, विधवा बाईचं डोकं फिरलं."

"बाटलीला नावं ठेवू नये," नाना गंभीरपणे म्हणाला. त्यानं चप्पल काढली, पूर्वजांची नावं घेत जमिनीवर धार सोडली, शेवटी फीफीचं नाव घेतलं आणि त्याला थोडी जास्त ओतली. मग स्वतः प्यायला. मग पेला क्वामेनाच्या हातात दिला, आणि त्यानं हसत हसत तो तळापर्यंत रिकामा केला.

माझा बेत होता की त्याला सोमवारच्या गाडीत बसवून द्यायचं आणि मग अँप्लिफायरला हात लावायचा. पण मानसा वाजवण्याच्या बाबतीत बापावर गेलीय, धीर म्हणून नाही. मी बाटली आत ठेवून बाहेर येते तोच ती ट्रे घेऊन अँप्लिफायरच्या पाठीमागे बसलेली. एकेक नागडा व्हॉल्व्ह तिनं आपापल्या जागी दाबून बसवला, वायर लावली, बटण दाबलं. काचा हळूहळू तांबूस झाल्या. तिनं आवाजाचं बटण फिरवलं. मी सवयीनं दात आवळले.

काहीच खरखरलं नाही.

मग तिनं बापाची रविवारची जुनी चाल वाजवली. अंगणाच्या भिंतीवर शेजारची माणसं कोपर टेकून उभी राहिली. इतका स्वच्छ आवाज, की खालच्या तारेवर बोट घसरलं तेही वेगळं ऐकू येत होतं. पाव्हण्यांपैकी एक म्हातारा खुर्चीतच खांदे हलवायला लागला.

क्वामेना उभा राहिला. "हा... हा वाजतो?"

"अँप्लिफायर आहे तो," मी म्हटलं. "वाजतात ते."

"नाना, थांबा! हे भंगार नाहीये. मी चुकून बोललो. मी परत घेतो!"

नाना ओतूनं हातातला रिकामा पेला उलटा करून त्याला दाखवला. "तू प्यायलास."

"पण नाना..."

"चौघांनी बघितलं. फीफीनंही बघितलं, त्याची धार तर अजून जमिनीवर ओली आहे. बस खाली. पोरीला वाजवू दे."

क्वामेना बसला. शिव्या देईल, आदळआपट करेल अशी माझी तयारी होती, आणि मला तोंडभरून हसायचं होतं. पण तो नुसता ऐकत बसला, तोंड उघडं टाकून, पहिल्यांदा समुद्र बघणाऱ्या पोरासारखा. चाल संपल्यावर माझ्याकडे न बघता म्हणाला, "वोफा असाच वाजवायचा का गं, आंटी?"

तू एकदा तरी ऐकायला आला होतास का, असं मी म्हणणार होते. अगदी ओठांवर आलं होतं. पण तेवढ्यात मला कळलं की त्याला खरं उत्तर काय आहे.

"नाही," मी म्हटलं. "त्याच्या वेळी खरखर असायची."

इतकी वर्षं तो माणूस स्वतःचं वाजवणं त्या खरखरीतून ऐकत राहिला. एका गाढवानं एका सकाळी कापूस आणि काडीनं जे केलं, ते त्यानं कधी कुणाला करू दिलं नाही, आणि आता ते झालं होतं तर ऐकायला तो नव्हता. मी क्वामेनावर हसायचं विसरले. फीफीचा मला इतका राग आला, इतका राग आला, की मी मेलेल्या नवऱ्याला त्याच्या सगळ्या कुळासमोर मोठ्यानं मूर्ख म्हटलं आणि रडायला बसले. मानसानं वाजवणं थांबवलं नाही.